गालांवर आणि कपाळात येणारा दाब: दर वेळी सायनसच कारणीभूत असतो का?

प्रश्न असा आहे: वय ३८, व्यवसायाने शिक्षिका. गेली दोन वर्षे महिन्यातून तीन-चार वेळा दोन्ही गाल, नाकाचे मूळ आणि भुवयांच्या वरचा भाग जड होऊन ठणकतो. खाली वाकले की दुखणे वाढते. उन्हातून आल्यावर किंवा उपवासाच्या दिवशी ते हमखास सुरू होते, पाळीच्या आदल्या दिवशी तर ठरलेलेच. मळमळते, वर्गातला गोंगाट सहन होत नाही, दिवा बंद करून पडून राहावेसे वाटते. दीड-दोन दिवसांनी सगळे उतरते. सायनस असल्याचे सांगून अँटिबायोटिकचे पाच-सहा कोर्स झाले. सीटी स्कॅनमध्ये गालाच्या सायनसच्या अस्तराला किंचित सूज आणि नाकाचे हाड वाकडे असे आले असून शस्त्रक्रिया सुचवली आहे. नाक चोंदत नाही, पू येत नाही. शस्त्रक्रिया करावी का, आणि चेहरा दुखण्याची आणखी कोणती कारणे असतात?

उत्तर:

तुमच्या वर्णनात काय आहे यापेक्षा काय नाही, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. नाक चोंदलेले नाही, घट्ट पिवळा किंवा हिरवा स्राव पुढून येत नाही वा मागून घशात उतरत नाही. ही लक्षणे नसताना केवळ दुखण्यावरून सायनसच्या दीर्घकालीन दाहाचे निदान करणे आजच्या वैद्यकीय निकषांत बसत नाही. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय ठाम निदान कोणी करू नये आणि मीही ते करणार नाही. परंतु ऊन, उपवास, पाळी, मळमळ, उजेड आणि आवाज नकोसा होणे, दीड-दोन दिवसांत दुखणे आपोआप ओसरणे, ही सगळी लक्षणे अर्धशिशीकडे, म्हणजे मायग्रेनकडे निर्देश करतात. मी स्वतः कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे आणि सायनसच्या शस्त्रक्रिया करतो, तेव्हा शस्त्रक्रियेशी माझे वैर नाही. तरीही तुमच्याबाबतीत तारीख घेण्यापूर्वी थांबावे, असेच मी सांगेन.

चेहऱ्याचे दुखणे इतके फसवे का असते, हे आधी पाहू. कपाळ, डोळ्यांभोवतीचा भाग, गाल, वरचे आणि खालचे दात, जबडा, नाकाच्या आतील अस्तर, सायनस आणि मेंदूच्या आवरणाचा बराचसा भाग या सर्वांची संवेदना एकच मज्जातंतू वाहून नेतो. त्याला ट्रायजेमिनल म्हणतात. मेंदूशी जोडलेल्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकी ही पाचवी जोडी. त्याच्या तीन शाखा अनुक्रमे कपाळ, गाल आणि खालचा जबडा सांभाळतात, आणि त्यांच्याकडून आलेले वेदनेचे संदेश मेंदूच्या देठात एकाच केंद्रात एकत्र येतात. त्यामुळे उगम एका जागी आणि ठणका दुसऱ्या जागी, असे सर्रास घडते. किडलेल्या दाढेमुळे कान दुखतो. मायग्रेन सुरू होतो मेंदूच्या आवरणातील रक्तवाहिन्यांभोवती आणि रुग्ण हात ठेवतो गालावर. रुग्णाने दाखवलेली जागा खरीच असते, फक्त बिघाडही तिथेच असेल हे गृहीत धरता येत नाही.

आता खऱ्या सायनसविषयी. चेहऱ्याच्या हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात: गालांत, कपाळात, दोन डोळ्यांच्या मधल्या भागात आणि नाकाच्या मागे खोलवर, कवटीच्या तळाशी. गालातील पोकळीचे नाकात उघडणारे तोंड तिच्या तळाशी नसून वरच्या बाजूला असते, त्यामुळे सर्दीत अस्तर सुजले की आतील स्राव सहज बाहेर पडत नाही आणि गाल जड होतो. मात्र साध्या सर्दीतील हा जडपणा विषाणूंमुळे असतो आणि तो सात ते दहा दिवसांत जातो. चौथ्या-पाचव्या दिवशी शेंबूड पिवळा झाला म्हणजे जंतुसंसर्ग झाला, हा समज घराघरांत आहे आणि तो चुकीचा आहे. सर्दी बरी होतानाही स्रावाचा रंग असा पालटतो. सर्दीनंतर खरोखरचा जिवाणूजन्य दाह शंभरातील एखाद-दोघांनाच होतो. तो ओळखायचा कसा? दहा दिवसांनंतरही काहीच उतार नसेल, किंवा पाच-सहा दिवसांनी बरे वाटू लागून पुन्हा ताप, स्राव आणि दुखणे जोरात उलटले, किंवा सुरुवातीपासूनच १०२ अंश फॅरनहाइट वा त्याहून अधिक ताप, पुवासारखा स्राव आणि एका बाजूचा गाल व वरच्या दाढा दुखणे हे सलग तीन-चार दिवस टिकले, तर अँटिबायोटिकचा विचार रास्त ठरतो. अशा वेळी अमॉक्सिसिलिन किंवा त्याचे क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडबरोबरचे मिश्रण ही पहिली निवड असते. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने आणलेली ॲझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची पट्टी ही ती निवड नव्हे.

त्या तीन गोळ्यांविषयी थोडे विषयांतर करतो, कारण तुमच्या पाच-सहा कोर्सचे रहस्य त्यात असण्याची शक्यता आहे. मायग्रेनचा झटका उपचाराविना ४ ते ७२ तास टिकतो आणि मग आपला आपण ओसरतो. दुखणे सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी रुग्ण दवाखान्यात येतो, तीन दिवसांचे अँटिबायोटिक आणि सोबत पॅरासिटामॉल असलेली सर्दीची गोळी घेतो, आणि दोन दिवसांत बरा होतो. श्रेय अँटिबायोटिकला मिळते, सायनसचे निदान पक्के होते, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. औषधाने बरे वाटले, म्हणून निदान बरोबर होते, हा निष्कर्ष झटक्याझटक्याने येणाऱ्या कोणत्याही दुखण्यात धोक्याचा असतो.

दीर्घकालीन सायनसदाहाचे निकष याहून वेगळे आहेत. लक्षणे बारा आठवडे किंवा अधिक काळ असावी लागतात, आणि त्यांत नाक चोंदणे किंवा स्राव येणे (पुढून अथवा घशात) यांपैकी एक असणे आवश्यक असते; चेहऱ्यावरील दाब आणि वास कमी होणे ही त्यांना पूरक लक्षणे. त्याखेरीज नाकाच्या दुर्बिणीतून किंवा सीटी स्कॅनमध्ये दाहाचा पुरावा दिसावा लागतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांतही हीच अट आहे. आणखी एक गोष्ट रुग्णांना खरी वाटत नाही: दीर्घकालीन सायनसदाहात दुखणे सहसा फारसे नसते. नाकात मांसल वाढ, म्हणजे पॉलिप, इतकी झालेली असते की दोन्ही नाकपुड्यांतून श्वास जात नाही, वास तर वर्षानुवर्षे गेलेला असतो, आणि तरीही असा रुग्ण डोके दुखल्याची तक्रार क्वचितच करतो. तीव्र ठणका आणि स्वच्छ नाक अशी जोडी दिसली, की माझे लक्ष सायनसवरून उठते.

आता रिपोर्ट. अस्तराला किंचित सूज हे वाक्य मी जितक्या रिपोर्टमध्ये पाहतो, तितक्या वेळा त्याचा रुग्णाच्या दुखण्याशी संबंध लागत नाही. १९९४ साली अमेरिकेतील एका अभ्यासात नुकतीच साधी सर्दी झालेल्या ३१ प्रौढांचे सीटी स्कॅन केले, तेव्हा २७ जणांच्या गालाच्या सायनसमध्ये बदल आढळले; त्यांतील काहींचे दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा स्कॅन केल्यावर बहुतेकांचे बदल अँटिबायोटिकविना निवळले होते. म्हणजे स्कॅनच्या आठवड्यात साधे पडसे असले तरी रिपोर्ट बिघडलेला येतो. नाकाच्या वाकड्या हाडाचेही तसेच. नाकाचा मधला पडदा अगदी सरळ असलेली माणसे थोडीच असतात. पडदा वाकडा असून एका बाजूने श्वासच घेता येत नसेल, तर तो सरळ करण्याची शस्त्रक्रिया उपयोगी आहे. श्वास मोकळा असताना केवळ गाल दुखतात म्हणून पडदा सरळ करणे याला मात्र भक्कम आधार नाही. एक अपवाद प्रामाणिकपणे नोंदवतो. क्वचित पडद्याचे टोक समोरच्या भिंतीला टेकून त्या एका बिंदूपासून दुखणे उठते. ते दुखणे चालू असताना त्या जागी बधिर करणारे औषध लावले असता काही मिनिटांत थांबले, तर शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. ही चाचणी न करता, फक्त चित्र पाहून निर्णय होऊ नये.

मायग्रेनबद्दल सर्वांत मोठा गैरसमज असा, की त्यात डोक्याची एकच बाजू दुखते. अर्धशिशी या नावाने तो समज आणखी घट्ट केला आहे. प्रत्यक्षात बऱ्याच रुग्णांना दोन्ही बाजूंना दुखते आणि काहींना तर मुख्यतः चेहऱ्यावरच. शिवाय झटक्याच्या वेळी ट्रायजेमिनलचे जाळे नाक आणि डोळ्यांच्या ग्रंथींचे नियमन करणाऱ्या तंतूंनाही उद्दीपित करते, त्यामुळे नाक गच्च वाटणे, पातळ पाणी गळणे, डोळे ओलावणे, पापण्या जड होणे हे सारे मायग्रेनमध्ये घडू शकते. मग रुग्ण आणि डॉक्टर दोघेही नाकाकडे पाहू लागतात. वाकल्यावर दुखणे वाढते, गाल दाबला की दुखतो, हवा पालटली की सुरू होते, ही जी लक्षणे सायनसची खूण म्हणून सांगितली जातात, ती सगळी मायग्रेनमध्येही तितकीच आढळतात. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत स्वतःला सायनसची डोकेदुखी आहे असे मानणाऱ्या किंवा डॉक्टरांनी तसे सांगितलेल्या २,९९१ जणांची तपासणी केली असता ८८ टक्के लोकांची लक्षणे मायग्रेनच्या वर्गात मोडणारी निघाली. ती पाहणी मायग्रेनचा इतिहास नसलेल्या आणि सायनसदाहाची चिन्हे नसलेल्या लोकांपुरती होती, त्यामुळे तो आकडा सरसकट सगळ्यांना लावू नये. पण दिशा त्यातून पुरेशी कळते.

उपचारांचे तपशील तुमच्या फॅमिली डॉक्टरांनी किंवा मेंदूविकारतज्ज्ञांनी ठरवायचे आहेत, तरी रूपरेषा सांगतो. झटक्याचे औषध दुखणे पूर्ण चढण्याआधी, पहिल्या तासाभरात आणि पुरेशा मात्रेत घेतले तरच लागू पडते. पॅरासिटामॉल किंवा नॅप्रोक्सेनसारखे औषध, मळमळ असेल तर त्यावरची गोळी, आणि एवढ्याने भागत नसेल तर ट्रिप्टान गटातील सुमाट्रिप्टान वा रिझाट्रिप्टान. ज्यांना हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार किंवा काबूत नसलेला रक्तदाब आहे, त्यांनी ट्रिप्टान घेऊ नयेत. महिन्यातून चार किंवा अधिक दिवस वाया जात असतील, तर झटके टाळण्यासाठी रोज घेण्याची औषधे सुचवली जातात. त्यांत प्रोप्रानोलॉल दमा असलेल्यांना चालत नाही, आणि टोपिरामेट किंवा व्हाल्प्रोएट गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रियांना टाळलेलेच बरे, हे तुमच्या वयात विशेष लक्षात ठेवावे. उपवास करायचाच असेल तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत केवळ चहावर राहू नका. पाणी, ताक, फळे ठरावीक वेळेला पोटात जाऊ द्या. ज्यांना साबुदाण्याने झटका येतो असे वाटते, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना तो खरे तर साबुदाणा दुपारी दोनपर्यंत न मिळाल्याने येत असतो.

याच ठिकाणी वेदनाशामकांचा इशारा द्यायला हवा. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान किंवा मिश्र वेदनाशामके १० किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त चालले, तर औषधच रोजच्या डोकेदुखीचे कारण बनते. नाक मोकळे करणाऱ्या झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनच्या थेंबांचेही तेच. ते पाच-सात दिवसांपुरते आहेत. महिनोन्महिने वापरले की थेंबांचा असर उतरताच नाक पूर्वीपेक्षा अधिक चोंदते आणि माणूस बाटली खिशात घेऊन फिरू लागतो.

मायग्रेनखेरीज एक शांत, रोजचे दुखणेही असते. नाकाच्या मुळावर, दोन्ही गालांवर, कधी कपाळावर सारखा पट्टा आवळल्यासारखा किंवा नाक आतून भरल्यासारखा दाब असतो. मळमळ नाही, उजेडाचा त्रास नाही, आणि विशेष म्हणजे नाक भरल्यासारखे वाटत असूनही श्वास व्यवस्थित जातो. ताणाच्या डोकेदुखीचे हे चेहऱ्यावरचे भावंड आहे. सायनसच्या शस्त्रक्रियेनंतरही दुखणे तसेच राहिले अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांत या गटाचे रुग्ण पुष्कळ असतात. त्यांना ॲमिट्रिप्टिलिन अगदी कमी मात्रेत, रात्री १० मिलिग्रॅमपासून सुरू करून, सहा-आठ आठवडे धीराने दिल्यास बऱ्याच जणांना गुण येतो. हे औषध नैराश्यासाठीही वापरतात, त्यामुळे मला वेडा ठरवले का, असे रुग्ण रागाने विचारतात. तसे काही नसते. या मात्रेत ते मज्जातंतूंच्या वेदनेवर काम करते.

दात आणि जबडा यांकडे आम्हा नाकवाल्यांचे आणि नाकाकडे दातवाल्यांचे दुर्लक्ष होते, असे माझे स्पष्ट मत आहे. वरच्या दाढांची मुळे गालाच्या सायनसच्या तळाला अगदी लागून असतात, काही जणांत मध्ये केवळ पातळ अस्तरच उरते. मुळाशी पू झाला, दाढ काढताना सायनसला छिद्र पडले किंवा इम्प्लांट आत गेले, तर एकाच बाजूचा सायनसदाह होतो. त्याची खूण म्हणजे एका नाकपुडीतून येणारा कुजकट वासाचा स्राव, आणि हा वास बहुतेक वेळा रुग्णाला स्वतःलाच येतो. तपासताना मी तोंडातील आरशाच्या दांड्याने वरच्या दाढा एकेक करून हलकेच ठोकून पाहतो. बाकीच्या दाढांवर रुग्ण निवांत असतो आणि एका दाढेवर मान मागे खेचतो. अशा रुग्णाला अँटिबायोटिकचे कितीही कोर्स दिले तरी दाढेचा बंदोबस्त होईपर्यंत दाह परततच राहतो.

जबड्याच्या सांध्याचे दुखणे कानाच्या अगदी पुढे असते, तिथून ते गालात आणि कानशिलात पसरते. चावताना, मोठी जांभई देताना वाढते, तोंड उघडताना कट् असा आवाज येतो, सकाळी जबडा आखडलेला असतो. झोपेत दात खाण्याची सवय, दिवसभर दात आवळून धरणे, एकाच बाजूने चावणे ही नेहमीची कारणे. वरचे आणि खालचे दात जेवणाखेरीज एकमेकांना टेकलेले नसावेत, ही साधी गोष्ट दिवसातून पुन्हा पुन्हा आठवणे, काही आठवडे मऊ आहार, गरम शेक आणि गरज पडल्यास रात्री दातांवर बसवायची पट्टी, एवढ्यावर बहुतेकांचे भागते. मात्र तुमचे तोंड किती उघडते ते पाहा. स्वतःची तीन बोटे उभी धरून समोरच्या दातांमध्ये जायला हवीत. आपल्याकडे गुटखा, मावा, विदर्भातला खर्रा आणि नुसती सुपारी यांमुळे गालाचे आतील अस्तर पांढरट, ताठ होऊन तोंड हळूहळू मिटत जाते आणि तिखट लागले की आग होते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, आमच्या बाह्यरुग्ण विभागात मात्र ती जाणवत नाही. हे दुखणे जबड्याच्या सांध्याचे समजून शेकत बसणे घातक आहे, कारण या स्थितीतून तोंडाचा कर्करोग उद्भवू शकतो.

ट्रायजेमिनल न्युराल्जियाचे वर्णन मात्र एकदा ऐकले की विसरता येत नाही. विजेचा झटका बसावा तशी एका बाजूच्या गालात किंवा जबड्यात कळ येते, क्षणापासून फार तर दोन मिनिटे टिकते, थांबते आणि पुन्हा येते. दात घासणे, चूळ भरणे, बोलणे, घास चावणे, गालावर वारा लागणे, एवढेही निमित्त पुरते. बहुधा पन्नाशीनंतर हा त्रास सुरू होतो आणि स्त्रियांत थोडा अधिक आढळतो. असा रुग्ण ओपीडीत शिरतो तेव्हा एका बाजूची दाढी नीट केलेली आणि दुसऱ्या बाजूची आठवडाभर वाढलेली दिसते. नाव विचारले तर तो ओठ न हलवता पुटपुटतो किंवा शेजारी बसलेल्या मुलाकडे बोट करतो. तपासायला हात पुढे केला की तो आपल्या हाताने माझे मनगट धरतो. तोवर त्याच्या त्या बाजूच्या दोन-तीन चांगल्या दाढा बहुधा काढून झालेल्या असतात, कारण कळ दाढेतूनच उठते अशी त्याची खात्री असते. बहुतेकांत मेंदूच्या देठाजवळ एखादी रक्तवाहिनी मज्जातंतूच्या मुळावर टेकलेली असते, म्हणून एमआरआय करावा लागतो. रुग्ण चाळिशीच्या आतला असेल किंवा दोन्ही बाजूंना त्रास असेल, तर मज्जासंस्थेचे इतर आजार विशेष शोधावे लागतात. कार्बामाझेपिन हे पहिले औषध आणि ते इतके परिणामकारक असते की त्याने मुळीच फरक न पडल्यास निदानाचा फेरविचार करावा. सुरुवातीच्या आठवड्यांत अंगावर पुरळ, तोंडात फोड किंवा ताप आल्यास औषध बंद करून लगेच डॉक्टर गाठावेत. रक्तातील सोडियम आणि पेशींची तपासणीही ठेवावी लागते. औषधे पुरेनाशी झाली, तर ती रक्तवाहिनी बाजूला करून मध्ये मऊ गादी ठेवण्याची मेंदूची शस्त्रक्रिया आहे, आणि योग्य रुग्णात तिचे परिणाम उत्तम असतात.

क्लस्टर डोकेदुखी दुर्मीळ आहे, पण ओळखली नाही तर फार हाल करते. एका डोळ्यामागे असह्य वेदना, १५ मिनिटे ते ३ तास, बहुधा रात्री ठरावीक वेळी. त्या बाजूचा डोळा लाल, नाक गळते, पापणी झुकते. मायग्रेनचा रुग्ण अंधारात निपचित पडतो, हा मात्र येरझाऱ्या घालतो, भिंतीवर डोके आपटतो. मुख्यतः पुरुषांत आढळते. झटक्यात मास्कमधून जास्त प्रवाहाने दिलेला शुद्ध प्राणवायू हा उत्तम उपाय आहे.

काही कारणे अशी आहेत की ज्यांत अपॉइंटमेंटची वाट पाहायची नसते. कपाळाच्या किंवा गालाच्या एकाच बाजूला आग आणि ठणका सुरू होऊन दोन-तीन दिवसांनी पाण्याचे फोड उठले, तर ती नागीण. त्यावरचे विषाणूरोधक औषध फोड दिसल्यापासून ७२ तासांत सुरू व्हावे लागते, आणि नाकाच्या शेंड्यावर फोड असतील तर डोळ्याला धोका असल्याने त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. मंत्र, लेप यांत तो वेळ घालवू नये. डोळा आणि कपाळ एकदम जोरात दुखून दिव्याभोवती रंगीत वलये दिसू लागली, उलटी झाली, डोळा लाल होऊन दिसणे धूसर झाले, तर तो अचानक दाब वाढलेला काचबिंदू असू शकतो. पन्नाशीनंतर कानशील नव्याने दुखू लागले, डोके विंचरताना टाळू दुखते आणि चावताना जबडा दमतो, तर कानशिलाच्या रक्तवाहिनीचा दाह तपासावा. आपल्याकडे तो कमी आढळतो, पण उपचार लांबल्यास दृष्टी जाते. जिना चढताना खालचा जबडा दुखतो आणि थांबल्यावर राहतो, तर दाताकडे नव्हे, हृदयाकडे पाहावे. आणि सायनसदाहात डोळ्याभोवती सूज, डोळा पुढे येणे, दोन-दोन दिसणे, मान ताठणे किंवा गुंगी आली, तर थेट मोठ्या रुग्णालयात जावे.

मधुमेह असलेल्यांसाठी वेगळी सूचना आहे. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीने, म्हणजे म्युकरमायकोसिसने, महाराष्ट्रात जे पाहायला लावले ते आमच्या पिढीतील कोणी कान-नाक-घशाचा डॉक्टर विसरणार नाही. लाट ओसरली तरी हा आजार संपलेला नाही. साखर बेसुमार वाढलेल्या किंवा स्टेरॉइडवर असलेल्या रुग्णांत तो आजही दिसतो. सुरुवात साध्या गालदुखीने होते. फरक असा की दुखणाऱ्या गालाला मुंग्या येतात किंवा तो बधिर पडतो, नाकातून काळपट वा रक्तमिश्रित खपल्या येतात, वरचे दात एकाएकी हलू लागतात, टाळूवर काळा डाग दिसतो, पापणी पडते. यांपैकी एकही खूण दिसली तर तासांचा हिशेब असतो, दिवसांचा नव्हे. मधुमेह नसतानाही एकाच बाजूचे नाक सतत बंद, त्यातून रक्ताळलेला स्राव आणि गालाचा बधिरपणा असे चित्र असेल तर सायनसमधील गाठ नाकारण्यासाठी दुर्बिणीची तपासणी, स्कॅन आणि गरजेनुसार तुकड्याची तपासणी करावीच लागते.

आता तुम्ही काय करावे. पुढील दोन महिने एका वहीत प्रत्येक झटक्याची तारीख, सुरू होण्याची आणि उतरण्याची वेळ, आदल्या रात्रीची झोप, जेवणाची वेळ, पाळीचा दिवस, मळमळ झाली का, कोणती गोळी किती वाजता घेतली, आणि त्या दिवशी नाकातून स्राव होता का, एवढे लिहा. शक्य झाल्यास झटका चालू असतानाच नाकाची दुर्बिणीतून तपासणी करून घ्या. ऐन ठणक्यात नाकाचे अस्तर स्वच्छ आणि सायनसच्या तोंडाशी पू नसेल, तर सायनसचा पक्ष तिथेच कमकुवत होतो. मला ही एक तपासणी शांत दिवसातल्या चार स्कॅनपेक्षा मोलाची वाटते. नवे स्कॅन करू नका, जुन्याची प्लेट किंवा सीडी सोबत न्या, नुसता छापील रिपोर्ट नको. शस्त्रक्रिया सुचवणाऱ्या डॉक्टरांना दोन प्रश्न मोकळेपणाने विचारा: दुर्बिणीत दाहाचा कोणता पुरावा दिसला, आणि मायग्रेनचे उपचार पुरेसे करून पाहिल्यानंतरही ही शस्त्रक्रिया लागेल का.

धूळ, शिंका, नाकाला खाज असा ॲलर्जीचा भागही असेल, तर मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि नाकात मारण्याचा स्टेरॉइड फवारा यांचा उपयोग होतो. अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात सपाट चहाचा चमचाभर मीठ घाला. नळाचे किंवा बोअरचे न उकळलेले पाणी नाकात घालू नका. फवारा उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, टोक मधल्या पडद्याकडे न करता डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे करून मारा आणि जोराने वर ओढू नका. त्याचा पुरता परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. वाफ घ्यायची तर गरम पाण्याचे पातेले मांडीवर किंवा पलंगावर ठेवू नका, विशेषतः घरात लहान मूल असेल तर. त्याने भाजलेले रुग्ण दर हिवाळ्यात येतात.